टेम्पर कुणाला परवडतो?

काळेवाडीत माणसाला राग येत नाही, टेम्पर येतो. राग गावाकडे, बांधावरून वगैरे. इथं पवनेचा पूल ओलांडून कंपनीत जाणाऱ्याला टेम्पर असतो. तो शॉर्ट असतो, चढतो, सुटतो. त्याचं लिंग अजून ठरलेलं नाही. नवऱ्याचा असला की ‘तो’ टेम्पर, साहेबांचं असलं की ‘ते’ टेम्पर. सासूबाईंच्या बाबतीत हा विषय घरात कुणी काढत नाही.

आमच्या मजल्यावरचे नाना भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंटच्या वर्कशॉपमधून, भट्टीवरून रिटायर झाले. “आमच्या ह्यांना फार टेम्पर,” असं काकूंनी जिन्यात म्हटलं, की नाना खुलतात. “अगं, टेम्पर आहे म्हणून टिकलोय. नसता तर लग्नाच्या वर्षीच तडकलो असतो!”

मग जो सापडेल त्याला ते थांबवून समजावतात. पोलाद साडेआठशे डिग्रीच्या आसपास लाल करून तेलात बुडवलं की कडक होतं, पण असं की फरशीवर पडलं तरी तडा जावा. म्हणून ते पुन्हा तापवायचं, पण बेताबेतानं: बेअरिंग असेल तर दीडशेच्या वर थोडं, स्प्रिंग असेल तर चारशेच्या पुढं. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. हेच टेम्परिंग. नानांनी सुरुवात केली ती डोळ्यांवर. छिन्नीची धार पॉलिश पेपरनं उजळायची आणि रंग चढताना बघायचे. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, तीनशेच्या आसपास निळा. “जांभळ्यावर थांबायचं. निळी झाली की छिन्नी गेली,” हे सांगताना ते काकूंच्या चेहऱ्याकडे का बघतात, कळत नाही.

पोलादाच्या या कामाला लोहार ‘पाणी देणं’ म्हणतात. आपल्या पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणी सुरू झालं. नानांच्या मते इथली निम्मी माणसं तेव्हापासून अर्धवट पाणी दिलेली आहेत.

इंग्रजांनी तर आणखी घोळ घातलाय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणं. म्हणून साहेबाचा टेम्पर ‘गेला’ म्हणजे तो भडकला. आणि साहेबाला टेम्पर ‘आहे’ म्हणजेही तो भडकूच. असला तरी पंचाईत, गेला तरी पंचाईत.

संध्याकाळी काळेवाडी फाट्यावर मात्र अर्थ अगदी स्वच्छ असतो. कंपन्यांच्या बसेस सुटलेल्या, त्यात एक टेम्पो आडवा. (आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण आमच्या चौकाला ते कुणी कळवलेलं नाही.)

“ए, टेम्पर कुणाला दाखवतो?”

“टेम्पर नाय काका, टेम्पो आहे. मागं घ्या.”

नानांनी न सांगितलेली एक गोष्ट मला भाड्यानं राहणाऱ्या पोरांकडं बघून कळली. या पट्ट्यात माणसांचे दोन प्रकार, पर्मनंट आणि टेम्पररी. टेम्पर हा पर्मनंट माणसाचा अलाउन्स आहे; तो लाइनवर सुपरवायझरला उलटं बोलू शकतो. टेम्पररी पोराच्या नुसत्या नावातच टेम्पर. त्याला २४० दिवस भरायच्या आत ब्रेक मिळतो, आवाज चढवला तर त्याच्याही आधी. म्हणून तो मोबाइलसारखा टेम्परही सकाळी गेटवर जमा करतो आणि सुटल्यावर परत घेतो. फाट्यावर संध्याकाळी जे हॉर्न वाजतात, ते बरेचसे असे सोडवून आणलेले असतात.

परवा असाच एक पोरगा सेकंड शिफ्टला धावत निघाला होता. नानांनी जिन्यात अडवलं. “काय रे, सुपरवायझर कालही बोलला म्हणे? टेम्पर कुठाय तुझा?”

“पर्मनंट झालो की आणतो, नाना,” म्हणाला, आणि डबा विसरला म्हणून परत वर पळाला.