उद्धरणांची जमाबंदी

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी बुरशीचा संहार करणारे जे औषध शोधिले, त्याला शोधकांचे नव्हे तर कारखान्याचेच नाव लाभून ते ‘हॅमायसिन’ झाले, ही हकिकत आजच्या रेणवीय जीवशास्त्रज्ञास केवळ अव्यवहार वाटेल. कारण २००५ साली हर्श नामक भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक काढिल्यापासून विद्वत्तेचीही रीतसर जमाबंदी होऊ लागली आहे: ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला, तो वीस आकड्यांचा इनामदार! मग एकाच प्रयोगाचे चार तुकडे करून चार निबंध पाडावेत, मित्राने आपणांस उद्धृत करावे, आपण मित्रास करावे, आणि दोघांनी मिळून बढतीचा अर्ज दाखल करावा, हे ओघानेच आले. प्रथिने मोजण्याच्या रीतीवरील लॉरी यांच्या १९५१ च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक उद्धरणे लाभली. खुद्द लॉरी मात्र त्याला आपले श्रेष्ठ कार्य मानीत नसत. असो. चाकणच्या कारखान्यातून सदोष गाडी निघाली तर ती निदान परत बोलावितात. येथे खंडनार्थ केलेला उल्लेखही जमेच्याच रकान्यात पडतो.