बोलण्यापुरता मुलगा

या प्रकरणात मराठी माणसाचे दोनच पक्ष पडू शकतात. पहिला म्हणणार, ‘घ्या, खाल्ल्या घरचे वासे मोजतोय.’ दुसरा म्हणणार, ‘आवळा देऊन कोहळा काढला की हो!’ खटला आहे अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा, मेम्फिस शहराचा. पण भाऊबंदकीच्या तारखांना जाऊन जाऊन आपल्या लोकांची तयारी इतकी दांडगी, की दोन्ही वकिलांची भाषणं आपण इथे बसून लिहून देऊ.

वादी मायकल ओहर. जन्म १९८६, मेम्फिस. बारा भावंडं, आई व्यसनात, बाप तुरुंगात. सरकारने या घरी ठेवलं की तिथून पळ, त्या घरी ठेवलं की तिथूनही पळ, असं बालपण. कुणाच्या तरी शब्दाखातर ब्रायरक्रेस्ट नावाच्या ख्रिस्ती खासगी शाळेत प्रवेश मिळाला. तिथे टूई कुटुंबाने त्याला घरी आणलं. शॉन टूई म्हणजे टाको बेल, केएफसी वगैरेंच्या कितीतरी शाखांचे तेव्हाचे मालक. पत्नी ली ॲन घरं सजवण्याच्या व्यवसायात. त्यांना एक मुलगी, एक मुलगा. मायकल सव्वासहा फुटांहून उंच, अंगाने त्याहून भक्कम. पुढे तो मिसिसिपी विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला, २००९ साली बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाने खेळाडू-निवडीच्या पहिल्याच फेरीत त्याला उचललं आणि २०१३ साली तो सुपर बोल जिंकलेल्या संघात होता.

यातलं पुष्कळसं तुम्हाला माहीत असतं, कारण तुम्ही ‘द ब्लाइंड साइड’ पाहिलेला असतो. पाहून रडलेलेही असता. रडायला हरकत नाही, सिनेमा त्याचसाठी काढला होता. २ कोटी ९० लाख डॉलरमध्ये काढला आणि जगभरातून ३० कोटींच्या वर वसूल केले. सँड्रा बुलकला ली ॲनच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. सिनेमाच्या आधी मायकल लुइस यांचं पुस्तक आलं होतं, २००६ साली. हे लुइस शॉन टूईंचे शाळासोबती. म्हणजे गोष्ट सांगणारा आधी कुणाच्या सोफ्यावर बसला होता, ते लक्षात घ्या. पाहुणा यजमानांच्या बाजूने लिहितो असं मी म्हणत नाही. फक्त चहा कुठे प्यायला ते सांगतो.

सिनेमातला एक प्रसंग आठवून पाहा. घरातलं शेंबडं पोर टेबलावर केचपच्या नि मसाल्याच्या बाटल्या मांडतं आणि त्या अवाढव्य मायकलला खेळ शिकवतं: ही बाटली तू, ही बाटली तुझ्या अंगावर येणार. थिएटरात हशा. मायकल मात्र कधीच हसला नाही. आपल्याला लहानपणापासून खेळ कळत होता, आपण त्याचा अभ्यास केला होता आणि पडद्यावर आपल्याला मठ्ठ करून ठेवलं, ही त्याची तक्रार त्याने २०११ सालच्या आत्मचरित्रातच नोंदवली होती. त्या तक्रारीत पैशाचा विषयही नव्हता. तेव्हा ती कुणी फारशी ऐकली नाही. अमेरिकेत तक्रार ऐकू येण्यासाठी तिच्यापुढे डॉलरचं चिन्ह लागतं.

ते लागलं १४ ऑगस्ट २०२३ रोजी. सदतीस वर्षांच्या ओहरने मेम्फिसच्या शेल्बी काउंटीच्या न्यायालयात अर्ज केला, की या लोकांनी मला दत्तक घेतलंच नव्हतं. मी अठरा वर्षांचा झाल्यावर, २००४ साली, दत्तकासारखंच काहीतरी म्हणून माझ्याकडून ‘कन्झर्व्हेटरशिप’च्या कागदांवर सह्या घेतल्या आणि ते माझे कायदेशीर कारभारी होऊन बसले. माझ्या नावावर सिनेमाचा करार झाला. त्यात नवरा, बायको आणि त्यांची पोटची दोन मुलं यांना प्रत्येकी सव्वादोन लाख डॉलर आणि वर नफ्यात अडीच टक्के. माझ्या आयुष्याचे हक्क मात्र फुकटात गेले.

ही कन्झर्व्हेटरशिप आपल्याला ओळखीची झाली ती ब्रिटनी स्पिअर्समुळे. तिच्या वडिलांनी तेरा वर्षं याच सोयीखाली तिचा कारभार सांभाळला. ज्याला स्वतःचं भलंबुरं कळत नाही, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे व्यवहार जमत नाही, अशा माणसासाठी ही तरतूद. आणि मायकलच्या कागदात काय लिहिलंय? या इसमाला कोणतंही ज्ञात शारीरिक वा मानसिक अपंगत्व नाही. म्हणजे रोगी ठणठणीत आहे असा दाखला जोडून त्याला इस्पितळात दाखल करून घेतलं. २०२३ च्या सप्टेंबरअखेर न्यायाधीश कॅथलीन गोम्स यांनी ही व्यवस्था मोडीत काढली, तेव्हा त्या म्हणाल्या की ४३ वर्षांच्या कारकिर्दीत, धडधाकट माणसावर असा कारभारी नेमलेला मी पाहिला नाही. एकोणीस वर्षं हे कुणाच्या नजरेस आलं नव्हतं. त्यातली चौदा वर्षं सगळा देश त्याच घरावरचा सिनेमा बघत होता.

मग असा कागद केलाच का? इथे खरी गंमत आहे, आणि ती टूईंच्या स्वयंपाकघरात नसून विद्यापीठाच्या मैदानावर आहे. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल हा अब्जावधींचा धंदा. प्रशिक्षकाला लाखो डॉलर, टीव्हीवाल्यांना त्याहून जास्त आणि खेळणाऱ्या पोराला तेव्हा नुसती शिष्यवृत्ती. वर एनसीएए नावाची सोवळी संस्था, तिचा तेव्हाचा नियम असा की विद्यापीठाच्या हितचिंतक देणगीदाराने होतकरू खेळाडूला काही दिलं तर तो विटाळ. कपडे दिले, विटाळ. गाडी दिली, विटाळ. आता टूई नवराबायको दोघंही मिसिसिपी विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. शॉन तिथे बास्केटबॉल खेळलेले, ली ॲन तिथली चिअरलीडर. पक्के हितचिंतक. त्यांच्या घरी राहणारा, त्यांचं खाणारा, देशभरच्या विद्यापीठांना हवा असलेला पोरगा नेमकं त्यांच्याच विद्यापीठाची निवड करतो, तेव्हा एनसीएएचा चौकशी अधिकारी दारात येणारच. तो आलाही. परक्याने जेवू घातलं तर ती लाच. आईने जेवू घातलं तर ते जेवण. तेव्हा नातं हवं होतं, आणि ते चौकशीला पुरेल इतपत कागदावर हवं होतं. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही, शॉन टूईंनीच जवळजवळ असं सांगितलंय: अठरा वर्षांवरच्या माणसाला दत्तक घेता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून हा मार्ग धरला. टेनेसीत प्रौढ माणसाला दत्तक घेता येतं. बरं, कन्झर्व्हेटरशिपचा अवघड घाट ज्यांना सापडला, त्यांना दत्तकाचा हमरस्ता दिसला नाही.

(दत्तकाचा कागद मान्य की अमान्य यावर खजिना कुणाचा हे ठरतं, ते मराठी माणसाला डलहौसीने १८४८ साली साताऱ्यातच शिकवलंय. पुढे चला.)

त्याच मिसिसिपी विद्यापीठाच्या दारातून आत जायला मायकलचे गुण कमी पडत होते. मग ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे काही दिवसांत उरकणारे पत्रद्वारा अभ्यासक्रम शोधले गेले, जुन्या नापास विषयांच्या जागी नवे गुण आले, त्यासाठी लागणारं अध्ययन-अक्षमतेचं निदानही करून घेतलं गेलं. हे सगळं लुइस यांच्या पुस्तकात कौतुकाने दिलेलं आहे. गुणपत्रिकेसाठी अक्षमता आहे, न्यायालयासाठी नाही. पोरगा एकच, दाखले दोन. एनसीएएला टूईंच्या वागण्यात वावगं आढळलं नाही. नियमाला जे दिसतं ते सगळं जागच्या जागी होतं ना.

२०२१ च्या जुलैपासून याच एनसीएएने खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायला मोकळीक दिली. आता ताकदीचा पोरगा मैदानात येतो तो स्वतःचा एजंट घेऊन. त्याला घरात घ्यायला बायबल काढावं लागत नाही, चेकबुक पुरतं. हे जास्त घाण आहे की जास्त स्वच्छ, हे मला विचाराल तर जास्त स्वच्छ.

आता वासे मोजू. टूईंचं म्हणणं, आम्ही करोडपती आहोत, आम्हाला त्याच्या पैशाची काय गरज. सिनेमातून जे आलं ते पाच जणांत सारखं वाटलं. हे मला खरं वाटू शकतं. अडचण आकड्यांची आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शॉन म्हणाले, लुइसच्या वाट्यातलं निम्मं आम्हाला मिळालं, प्रत्येकी १४ हजार डॉलर पडले. त्याच आठवड्यात चिरंजीव एका रेडिओ कार्यक्रमात म्हणाले, गेल्या चार-पाच वर्षांत मला ६०-७० हजार मिळाले असतील. निर्मिती कंपनी म्हणाली, टूई आणि ओहर यांच्या एजन्सीला आम्ही सुमारे ७ लाख ६७ हजार दिले. आणि नोव्हेंबरात न्यायालयात हिशोब सादर झाला तेव्हा मायकलच्या नावावर निघाले १ लाख ३८ हजार. तीन महिन्यांत १४ चे १३८! एवढा परतावा टाको बेलही देत नसेल. लबाडी आहे असं मला म्हणायचं नाही. लबाड माणूस आकडा पाठ करून येतो. इथे कुणी आकड्याकडे पाहिलंच नव्हतं असं दिसतं.

आणि माझं भांडण तिथेच आहे. घरातल्या माणसाचा हिशोब कुणी ठेवत नाही, कबूल. आईने वाढलेल्या पोळ्यांची वही नसते. पण कारभारी नेमलेल्या माणसाचा हिशोब ठेवायचा असतो, दरवर्षी, न्यायालयात. मायकलच्या वकिलांचं म्हणणं, एकोणीस वर्षांत तसा एकही सादर झाला नाही. म्हणजे हिशोब मागितला की तो घरचा होतो, आणि घरचा म्हणून वारसाहक्काने उभा राहिला की तो कारभाराखालचा इसम होतो. ‘दत्तक मुलगा’ म्हणून इतकी वर्षं जाहीरपणे मिरवलंत त्याचं काय, या प्रश्नाला टूईंच्या लेखी उत्तरात खुलासा आहे: तो उल्लेख आम्ही बोलीभाषेत करत होतो, त्याला कायदेशीर अर्थ नव्हता. बोलीभाषेत! भाषणांतून, मुलाखतींतून, त्यांच्या सेवाभावी संस्थेच्या प्रचारातून जी बोली चालली, ती कोर्टाच्या पायरीशी येताच अशुद्ध ठरली. २०१० साली नवराबायकोच्या नावाने एक पुस्तकही निघालं होतं. विषय: आनंदाने देण्याची ताकद. देणं आनंदाने झालं असेल. सांगणं त्याहून आनंदाने झालं.

मायकलरावांनाही मोकळं सोडायचं कारण नाही. दत्तक नसल्याचं आपल्याला २०२३ च्या फेब्रुवारीत कळलं असं ते म्हणतात. पण २०११ च्या त्यांच्याच आत्मचरित्रात टूई आपले कन्झर्व्हेटर असल्याचा उल्लेख आहे, तो दत्तकासारखाच प्रकार आहे असं आपल्याला सांगितल्याच्या खुलाशासह. माणूस स्वतःचं पुस्तक वाचत नाही हे मला पटतं, शब्दांकन करणारा वेगळा होता. पण वर सही आपली असते. आणि मुहूर्त पाहा: नवं पुस्तक ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बाजारात, पाठोपाठ काही दिवसांत अर्ज न्यायालयात. दीड कोटी डॉलर दे नाहीतर बोभाटा करतो अशी मागणी आधी झाली, असा टूईंच्या वकिलांचा आरोप आहे. खरा-खोटा ते तेच जाणोत. व्यावसायिक खेळात त्याने कोट्यवधी डॉलर कमावले आणि त्या कमाईला टूईंनी हात लावला असं कुणीही दाखवलेलं नाही, हेही सांगायला हवं. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं ली ॲनबाईंना वाटत असेल तर नवल नाही.

तरी माझं मत विचाराल तर मी कागद वाचणाऱ्याच्या बाजूने. अठरा वर्षांचं पोर, ज्याच्या आयुष्यात कुणी धड टिकलं नाही, त्याच्यापुढे कागद सरकवून ‘आता तू आमचा’ म्हटलं तर ते अटी वाचत बसणार नाही. त्या टेबलाशी कागद वाचता येणारी माणसं दुसरी होती. त्यांनी वाचायचा होता, आणि त्याला समजावून द्यायचा होता. चाळिशीला टेकल्यावर त्याने वाचला, उशिरा वाचला, वकील लावून वाचला. तो वाचतोय म्हणजे कृतघ्न झालाय हे गणित मला जमत नाही. जेवलेल्या ताटाची किंमत आयुष्याच्या हक्कांत वळती करून घेता येत नसते, मग ताट चांदीचं का असेना.

न्यायाधीशबाईंनी कन्झर्व्हेटरशिप संपवली, पण खटला निकाली काढला नाही. पैशाचं भांडण पुढे चालू ठेवलं. लुइस यांनी खापर हॉलिवूडवर फोडलं: खरा पैसा स्टुडिओवाल्यांनी खाल्ला. तेही बरोबरच असावं. हॉलिवूडमध्ये ‘निव्वळ नफ्यातले अडीच टक्के’ हे लग्नातल्या आहेरासारखं, पाकिट जाड आणि आत सव्वा रुपया.

जनतेला मात्र कुणीतरी हाताशी लागतंच. तिने धरलं सँड्रा बुलकला. बाईंनी ऑस्कर परत करावं अशी ओरड समाजमाध्यमांवर सुरू झाली. तिचा या करारात कागदाच्या कपट्याइतकाही संबंध नाही. तिने काम चांगलं केलं एवढाच गुन्हा. तेव्हा तिच्या बाजूने जाहीरपणे कोण बोललं? क्विंटन आरोन, सिनेमात मायकल झालेला नट. पडद्यावरची आई अडचणीत आली तर पडद्यावरचा मुलगा धावून आला, वकील न घेता. तिने त्याला कुठल्याच कागदावर काही करून दिलेलं नव्हतं.