वॅटभर वैराग्य

ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे गाव जूनमध्ये पाहिलं तर इथे माणसं का राहतात, असा प्रश्न पडतो. दिवाळी सरली की मात्र उत्तरेकडच्या बर्फाला वैतागलेली मंडळी आपापली चाकांवरची घरं घेऊन इथे उतरतात. गावाभोवतालची बरीचशी जमीन सरकारची. ला पोसाच्या माळावर १८० डॉलर भरले की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल खुशाल मुक्काम ठोका. पैसे भरायचे नसतील तर दुसऱ्या सरकारी रानात चौदा दिवस राहा आणि मग बिऱ्हाड हलवा. दारात नळ नाही, विजेचा खांब नाही. फिनिक्सहून गाडीने दोन तास. आमची फिनिक्सची मराठी मंडळी जानेवारीत रंगीत दगडांच्या बाजाराला म्हणून जातात. मी जातो तो ‘त्या’ला बघायला.

‘तो’ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. दर माळावर दोन-तीन तरी सापडतात. एसी आणि टीव्हीवाल्या आलिशान बसगाड्यांची रांग संपते, जनरेटरची घरघर ऐकू येईनाशी होते, तिथे एक पांढरी व्हॅन उभी असते. एखाद्या प्लंबरने मोडीत काढलेली, त्यामुळे अंगावर जुन्या धंद्याची अक्षरं अजून पुसट दिसतात. छतावरची सोलर पॅनेल्स व्हॅनपेक्षा महाग. दारात घडीची खुर्ची, खुर्चीत दाढी, दाढीखाली मांडीवर जुना काळा थिंकपॅड. पूर्वाश्रमी हा कुठल्याशा कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. रात्री तीनला फोन वाजायचा आणि हा अंथरुणातून उठून कुणाचं तरी काहीतरी बंद पडलेलं सुरू करायचा. एक दिवस सगळं सोडलं. घर विकलं, फोन म्यूट केला. आता तर माळावर धड रेंजही नाही.

नाव-गाव विचारायच्या आधी तो विचारतो, “तू कुठलं वापरतोस?” 

“विंडोज,” मी खाली बघत सांगतो. “ऑफिसचं आहे.”

त्यावर तो रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत करुणा दाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा हात काढून घेतला, तेव्हापासून ही करुणा दुप्पट झाली आहे. मग तो शांतपणे, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगू लागतो. १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने छंद म्हणून लिनक्स आरंभलं. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळेच्या सगळे यावर चालतात. मंगळावर उडालेलं हेलिकॉप्टर यावर चाललं. डोक्यावरून जाणारे स्टारलिंकचे उपग्रह यावर चालतात. तुझ्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा. म्हणजे लिनक्स पृथ्वीवर आहे, आकाशात आहे, मंगळावर आहे. नाही ते फक्त माझ्या टेबलावर.

यांच्यातही लिनक्सच्या निरनिराळ्या अवतारांचे पंथ आहेत. मिंटवाला सौम्य, संसारी; त्याला प्रिंटर चालला की पुरे. डेबियनवाला सनातनी. नवं काही म्हणून घेणार नाही, जे घेईल ते दोन वर्षं इतरांनी पारखून दिलेलं. मात्र एवढ्या गंभीर पंथाच्या प्रत्येक आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या पात्राचं नाव. आर्चवाला आपण आर्च वापरतो हे पहिल्याच मिनिटात सांगतो, विचारायची सोय नाही. वाळवंटात हाल कुत्रा खात नाही ते आर्चवाल्याचेच, कारण त्याची प्रणाली रोज ताजी लागते आणि इंटरनेट आठवड्यातून एकदा. मग तो गावच्या लायब्ररीबाहेर व्हॅन लावून फुकटच्या वायफायवर अपडेट ओढत बसतो. आत जात नाही. पुस्तकं वाचायला वेळ कुठे आहे? शिवाय अख्खा इंग्रजी विकिपीडिया, चित्रांसकट, शंभरेक जीबीत त्याने डिस्कवर उतरवून ठेवलेला असतो. जग बुडालं तर उपयोगी पडेल म्हणून.

संन्याशाच्या लंगोटीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. उंदीर लंगोटी कुरतडतात म्हणून मांजर, मांजराला दूध म्हणून गाय, गाईला चारा म्हणून शेत. या गृहस्थाची लंगोटी म्हणजे लॅपटॉप. लॅपटॉपसाठी शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. बॅटरीसाठी छतावर पॅनेल. पॅनेलमधून येणारी वीज बॅटरीला मानवेल अशी करायला कंट्रोलर. कंट्रोलर काय करतोय हे बघायला रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक, तोही अर्थात लिनक्सवर. हा चिमुकला तीन-साडेतीन वॅट खात रात्रंदिवस जागा असतो. चोवीस तासांत तो जेवढी वीज फस्त करतो तेवढ्यात लॅपटॉपवर आठ तास काम झालं असतं. म्हणून आणखी एक पॅनेल. पॅनेलवर धूळ बसते म्हणून शिडी. नोकरी सोडलेला हा माणूस पुन्हा सर्व्हरच सांभाळतो आहे, फक्त पगार थांबला. रात्री तीनला आजही काहीतरी वाजतं. बॅटरी उतरल्याचा तो अलार्म त्याने स्वतः लिहिलेला असतो, आणि तो वाजला की हा आनंदाने उठतो!

वॅट वाचवण्यात या जमातीला जो आनंद मिळतो तो आपल्या लोकांना पेट्रोलचा भाव वाढायच्या आदल्या रात्री टाकी भरूनही मिळत नसेल. इन्व्हर्टर लावायचा नाही, कारण बारा व्होल्टचे एकशेवीस करून पुन्हा वीस करण्यात वीज वाया जाते. ब्लूटूथ बंद. ब्राइटनेस इतका कमी की पडद्यावर काय आहे हे त्यालाच ठाऊक. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. काळ्या रंगाने वीज वाचते ती ओएलईडीवर. याच्या जुन्या एलसीडीचा मागचा दिवा पडदा काळा असो की पांढरा, तेवढाच जळतो. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण दिसतं छान. अशा खटपटीने तो दिवसभरात पंधरा-वीस वॅट-अवर वाचवतो आणि संध्याकाळी स्टारलिंकची थाळी लावतो. ती तासाभरात पन्नासच्या वर गिळते. एवढी वीज घालून तो बघतो काय? वीज कशी वाचवावी याचे व्हिडिओ.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना घेऊन आम्ही क्वार्ट्झसाइटला गेलो. एका ‘त्या’च्या व्हॅनमध्ये डोकावून त्यांनी पाण्याचे कॅन मोजले, गॅसची टाकी पाहिली.

“जावईबापू, यांना घरचं कुणी नाही का?”

मी भाषांतर करताना हा प्रश्न गाळला. त्याने अभिमानाने सांगितलं, की वीजबिल शून्य.

“आणि बॅटरी केवढ्याला?”

त्याने आकडा सांगितला. सासूबाईंनी त्याचे रुपये केले, मनात भागाकार केला आणि म्हणाल्या, “एवढ्यात आमचं वीजबिल बारा वर्षं भरून झालं असतं. आणि आमच्याकडे आठ-आठ तास भारनियमन होतं तेव्हा आम्ही काय केलं? लाइट असताना दळण, लाइट असताना पाणी, लाइट गेली की गप्पा.” 

हे मात्र मी शब्दशः सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडून ते टिपून घेतलं. ढग आले की जड कामं आपोआप पुढे ढकलायची स्क्रिप्ट तो महिनाभर लिहीत होता. सासूबाईंनी ती तीन वाक्यांत सांगितली होती.

मग फ्रिजकडे बोट गेलं. पंचेचाळीस वॅटचा छोटा फ्रिज, आत पाण्याच्या बाटल्यांशिवाय विशेष काही नाही. “नुसत्या पाण्यासाठी?” सासूबाई म्हणाल्या. “इथली हवा तर आमच्या माणदेशापेक्षा कोरडी. माठ ठेवायला सांगा. बाहेरून ओलं फडकं गुंडाळा, सावलीत ठेवा. वीज नको, काही नको.”

मी माठाची सगळी शास्त्रीय बाजू समजावली. मडक्याची छिद्रं, पाझरणारं पाणी, बाष्पीभवन. त्याचे डोळे चमकले. शून्य वॅट! दाढी कुरवाळत त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, की पाण्याचं तापमान मोजायला सेन्सर माठाच्या तळाशी बसवावा की गळ्याशी.

मी सासूबाईंना अर्थ सांगितला.

“हात लावून बघा म्हणावं.”