दोष आढळला नाही

सर्व्हिस सेंटरच्या न्यायबुद्धीला तोड नाही. आरोपी समक्ष हजर झाल्याशिवाय तिथे गुन्हाच नोंदवत नाहीत. आमच्या गाडीच्या क्लचचं पेडल भर मे महिन्यात, खंबाटकीच्या चढावर, ट्रकच्या मागे रांगेत असतानाच खाली जातं आणि वर यायचं विसरतं. सेंटरच्या थंडगार शेडमध्ये मात्र ते अगदी सभ्य. जॉबकार्डावर शेरा पडतो : 'दोष आढळला नाही.' वर गाडी मोफत धुऊन मिळते. तापल्यावर स्लेव्ह सिलिंडरचं सील गळत असेल, अशी शंका काढणं म्हणजे कंपनीवर अविश्वास!

ही पद्धत पोलिसांनीही उचलावी. घरफोडीची तक्रार हवी ना? मग चोराने ठाण्यात येऊन एकदा कुलूप तोडून दाखवावं.

अखेर योग आला. ट्रायलला निघालेल्या सुपरवायझर साहेबांच्याच पायाखाली, सेंटरच्या फाटकातच, पेडल गेलं ते गेलंच. साहेबांनी तत्परतेने नवा शेरा लिहिला : 'चालकाच्या सवयीमुळे क्लच प्लेटची झीज. वॉरंटी लागू नाही.'

चालक कोण होता, हा रकाना जॉबकार्डात नाही.