मॅक्रोचा पाट

मायक्रोसॉफ्टने १९८६ साली बेलव्ह्यूहून रेडमंडला बिऱ्हाड हलवलं. व्हिज्युअल स्टुडिओच्या या गावात ईमॅक्स एडिटर उघडून बसणारा माणूस जरा संशयितच. मी त्यातला. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं, बाहेर पाऊस, अशा वेळी लिस्पच्या कंसांची संगत बरी वाटते.

ईमॅक्सची खोड एकच. हौसेने लिहिलेला आपला मॅक्रो त्याला ओळखू येत नाही. टॅब दाबावा, तर आतला सगळा मजकूर पहिल्या आर्ग्युमेंटच्या खाली, पार उजवीकडे जाऊन बसतो. त्याच्या लेखी अनोळखी ते सगळं फंक्शन, आणि फंक्शनची आर्ग्युमेंट्स पंगतीसारखी एका रेषेत. मॅक्रोला मात्र मानपान लागतो: पहिलं आर्ग्युमेंट वेगळ्या पाटावर, बाकीचा मजकूर दोन जागा आत.

तोड सोपी आहे. मॅक्रोच्या व्याख्येतच डिक्लेअर करून 'इंडेंट १' असं सांगायचं, आणि ती व्याख्या एकदा चालवायची. (हे दुसरं विसरणारे पुष्कळ, आणि ते शिव्या ईमॅक्सला देतात.) वशिला इथेही चालतो. मॅक्रोचं नाव 'डेफ'ने सुरू होत असेल, तर काही न सांगता त्याला डीफनचा मान मिळतो. आडनाव बघून पाट मांडायची सवय यंत्रालाही! 'इफ'चा थाट तर और. अट खरी ठरली तर करायचं काम चार जागा आत, खोटी ठरली तर दोनच. त्याला कारण आहे म्हणा: खऱ्याच्या वाट्याला एकच फॉर्म येतो, खोट्याला हवे तेवढे.

व्हिज्युअल स्टुडिओवाल्यांनी हसू नये. १९९२ पासूनच्या त्यांच्या एमएफसी या सी++ लायब्ररीत 'बिगिन मेसेज मॅप' आणि 'एंड मेसेज मॅप' असे जोडमॅक्रो आहेत. मधल्या ओळी आत घ्यायच्या, हे माणसाला बघताच कळतं. कोडची मांडणी करणाऱ्या क्लँग-फॉरमॅटला मात्र कोणता मॅक्रो उघडतो आणि कोणता मिटतो, हे सेटिंगमध्ये लिहून द्यावं लागतं. शिवाय गूगलची शैली म्हणते दोन जागा, मायक्रोसॉफ्टची म्हणते चार. कंपायलर दोघांकडेही ढुंकून बघत नाही.

नीट बसलेला माझा मॅक्रो शेजारच्या नागपूरकर मित्राला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"मॅक्रो कायले पाहिजे बे? फंक्शननं भागलं असतं ना!"

असेलही. पण एकदा पाटावर बसवल्यावर त्याला ऊठ कोण म्हणणार?