हात लागला पाहिजे

कुंदाकाकूंच्या घरी बाहेरचं कुणी खात नाही. बाहेरचं आणतात, पण पानात पडेपर्यंत ते घरचं झालेलं असतं. त्यासाठी काकूंचा नियम एकच: पदार्थाला घरात हात लागला पाहिजे. कितीसा लागला, हे पाहुण्याने विचारू नये.

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही. काकू तिथून रोज पोळ्या आणतात, तव्यावर उलटसुलट करतात, वर साजूक तूप लावतात. झाल्या घरच्या! त्याच केंद्रातली भाजी मात्र उंबऱ्याच्या आत येत नाही. "पोळी म्हणजे नुसतं मनगट, ते कुणाचंही चालतं. फोडणी आपलीच हवी." डेअरीतल्या चक्क्यात साखर घोटली की घरचं श्रीखंड. तयार श्रीखंडाचा डबा काकू केशर-चारोळी पडेपर्यंत ओळखत नाहीत; पडली की वाढायला घेतात. इडलीचं विकतचं पीठ रात्री पातेल्यात ओतून झाकून ठेवतात. "आंबवणं घरचं आहे हो!"

परंपरा कुठे संपते आणि आळस कुठे सुरू होतो, तेही ठरलेलं आहे. ते साल 1978, म्हणजे काकूंच्या लग्नाचं. बेडेकर 1910 पासूनचे, म्हणून त्यांचं लोणचं ही परंपरा. गिट्स 1963 ची, म्हणून त्यांच्या पाकिटातले गुलाबजामही परंपरेत बसतात. पाक तेवढा घरी करायचा. झटपट नूडल्स आल्या ऐंशीच्या दशकात, म्हणून तो शुद्ध आळस. काकूंच्या सासूबाई मिक्सरमधल्या चटणीला चटणी म्हणायला तयार नव्हत्या आणि त्यांच्या सासूबाईंना गिरणीचं पीठ म्हणजे जात्याला रामराम वाटे. सुनेचं लग्न 2016 चं, त्यामुळे तिच्या लेखी फ्रोझन पराठा घराण्यात पूर्वापार चालत आलेला आहे. काकूंना हे पटत नाही. आपल्या सालात आणि तिच्या सालात फरक आहे, असं त्या ठामपणे सांगतात.

पण काकूंना ढोंगी म्हणायची घाई करू नये. एप्रिलमध्ये एकदा त्यांच्या घरी जावं. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर असं सगळं ओट्यावर मांडलेलं असतं आणि काकू एकेक जिन्नस वेगळा भाजत असतात. एकत्र टाकून चालत नाही. धण्यांना वास सुटेपर्यंत तीळ जळून जातात. त्या दिवशी सुनेनेसुद्धा कढईला हात लावायचा नाही. या गोड्या मसाल्यावर घरची आमटी वर्षभर उभी असते. फोर्टातली नोकरी सांभाळत लेडीज डब्यात मटार सोललेल्या बाईला, मनगट कुठे खर्चायचं आणि पैसे कुठे, हे शिकवायला लागत नाही. पोळ्यांतून वाचलेली ताकद या कढईत जाते. एवढं साधं कारण काकू उघड सांगत नाहीत. त्यांना मार्क सगळ्याच विषयांत हवे असतात.

यंदा गणपतीत नणंदबाई आल्या. उकडीचा मोदक फोडून वर तूप घेतलं, एक घास खाल्ला आणि त्या विरघळल्याच. "वहिनी, उकड कशी काढलीस गं?" काकू खुलल्या. आंबेमोहोराची पिठी घ्यायची, जितकी पिठी तितकंच पाणी, पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप, उकळी आली की पिठी घालून झाकण, मग गरम असतानाच मळायची, पारीच्या कडा पातळ आणि तळ किंचित जाड ठेवायचा. शब्दन् शब्द खरा होता. मोदकांना हातही लागला होता. सकाळी आलेल्या खोक्यातून काढून, पाण्याचा हबका मारून काकूंनी त्यांना घरची वाफ दिली होती.

"एकवीस मोदक! किती वेळ लागला असेल तुला?"

काकू घुटमळल्या. सून म्हणाली, "फार नाही आत्या. त्या बाईंचा फोन एंगेज होता, तेवढाच."