करारवाले सर

आमच्या भौतिकशास्त्र विभागात करारवाले सर कुठे बसतात, हे कुणाला विचारावं लागत नाही. कॉरिडॉरमध्ये अमोनियाने डोळे चुरचुरायला लागले की आली त्यांची लॅब. आत हॉटप्लेटवर बीकर, बीकरात कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया. बघता बघता द्रावण पिवळं पडतं आणि आत उभ्या केलेल्या काचपट्टीवर हळदीसारखा थर चढतो. झाली थिन फिल्म! व्हॅक्यूमची महागडी यंत्रं नसली तरी या मार्गाने संशोधन होतं, म्हणून तर आपल्याकडच्या विद्यापीठांत ही विद्या इतकी फोफावली.

सरांची पीएच.डी. याच बीकरावर झाली. तेव्हा विषय होता सौरघट. मग नॅनोचं वारं आलं, सर नॅनो झाले. पुढे गॅस सेन्सर, मग सुपरकपॅसिटर. सध्या पाण्यातून हायड्रोजन चाललाय. माहितीपत्रकात त्यांची संशोधनक्षेत्रं अर्धं पान खातात. रसायनं बदलतात, बीकर तोच. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. अनुदान ज्या नावाने मिळतं, त्या नावाने अर्ज करायचा, एवढा व्यवहार प्राध्यापकालाही कळतो.

सरांचा जीव मात्र सामंजस्य करारांत. परदेशी पाहुणा आला की टेबलावर दोन झेंडे, शाल, श्रीफळ आणि फेटा. पाहुण्याला फेटा सर स्वतः बांधतात, कारण फोटोत तो पाहुण्याच्या डोळ्यांवर घसरलेला दिसला तर मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला काय वाटेल! करार पाच वर्षांचा. पहिल्या वर्षी फोटो, पाचव्या वर्षी नूतनीकरणाचं पत्र, मधे नववर्षाच्या शुभेच्छा.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत भारताने २००४ साली भेट दिलेला नटराज आहे. त्याच्यासमोरचा सरांचा फोटो केबिनमध्ये टांगलाय. सर ज्या परिषदेला गेले होते ती वेगळ्याच गावाला होती, हे फोटोत दिसत नाही. सर्नमधल्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन गटांनी २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक पेपर छापला. पानं ३३, त्यातली २४ पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची, नावं ५१५४. सरांनी ती २४ पानं प्रिंट काढून आडनावांवरून बोट फिरवत वाचली आणि म्हणाले, “एवढ्यात आपलं एक खपलं नसतं का हो?”

आता करारांच्या फाइलीत नसलेली गोष्ट सांगतो. सरांचे तीन-चार विद्यार्थी दक्षिण कोरियात पोस्टडॉक आहेत. आपल्याकडच्या थिन फिल्मवाल्या पोरांचा तो मळलेला रस्ताच. आमच्याकडे ज्या मोजमापाला यंत्र नाही, किंवा आहे पण ‘पार्ट यायचाय’, ते तिकडे होतं. हिरकणीने कापलेले काचपट्टीचे तुकडे टिशूत गुंडाळून, डबीत घालून, कोरियाला निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत भडंगाशेजारी जातात. तिकडे यंत्र सकाळी आठला मिळतं, म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. सर स्वेटर घालून फोनजवळ बसलेले असतात.

“सर, दोन नंबरचं सॅम्पल सोललं.”

“सोलणारच! काच क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये उकळलीच नसेल त्या पोरानं. नवीन पाठवतो. काय खाल्लंस की तसाच उभा आहेस?”

फोनवरच्या पोराच्या शिफारसपत्राची प्रत सरांकडे असते, तशी त्याच्या आईच्या शुगरची नोंदही असते. हे सहकार्य दाखवा की समितीला, असं मी एकदा सुचवलं. सर दचकले. म्हणाले, “याचा करार कुठाय?”

आमच्या विभागाचे परदेशी सहलेखकांबरोबरचे जेवढे पेपर आहेत, ते सगळे त्या डबीतून निघालेत. फेट्यांच्या फाइलीतून अजून एकही नाही.